नवा खेळ, चांगला खेळ

सप्टेंबर महिना सरत आला, की फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम बाजारात येतो. गेली तीस वर्षे हा क्रम जवळजवळ अखंड चालू आहे. १९९३ सालच्या डिसेंबरात ईए स्पोर्ट्स या अमेरिकन कंपनीने ‘फिफा’ या नावाचा आपला पहिला खेळ आणला. पुढे दरवर्षी नवा आकडा लावून नवी आवृत्ती येत राहिली. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक फुटबॉल महासंघाशी असलेला या कंपनीचा करार संपत असल्याचे जाहीर झाले आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून तोच खेळ ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने येऊ लागला. नाव बदलले, क्रम बदलला नाही. घरातील मुले या दिवसाची वाट पाहत असतात. वडील किंमत ऐकून कपाळाला आठ्या घालतात आणि ‘गेल्या वर्षीचा आहे ना घरात, मग हा कशाला?’ असे विचारतात. मुलाचे उत्तर तयार असते : ‘पप्पा, हा नवा आहे.’

मुलाचे हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही, असे आम्हांला वाटते. ‘नवा’ या शब्दाने विकणारा काही वचन देत असतो आणि घेणारा त्या वचनावर विसंबून पैसे मोजत असतो. ते वचन कोणते, ते पाळले गेले की नाही हे कसे ओळखावे, आणि न पाळले गेल्यास दोष कोणाचा, हे प्रश्न बाजारातल्या कोणत्याही व्यवहारात नीतीचे प्रश्न असतात. मग ते खेळाच्या बाबतीतच क्षुल्लक का ठरावेत? खेळणे लहान मुलाचे असले, तरी व्यवहार मोठ्या माणसांचा आहे.

आपल्या भाषेत ‘चांगला’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सुरी चांगली म्हणजे ती नीट कापते. माणूस चांगला म्हणजे तो कोणाला फसवीत नाही, दुबळ्याचा गैरफायदा घेत नाही. पहिल्या अर्थी चांगुलपणा हा कारागिरीचा गुण आहे. दुसऱ्या अर्थी तो शीलाचा गुण आहे. व्हिडिओ गेमच्या दर्जाची चर्चा करताना जाणकार मंडळी बहुधा पहिल्याच अर्थाने बोलतात : चित्रे कशी आहेत, चेंडू कसा उसळतो, गोलरक्षक किती शहाणा आहे. दुसऱ्या अर्थाचा चांगुलपणा त्या चर्चेत क्वचितच येतो. आमचे म्हणणे असे, की या दोन्ही अर्थांना धरून विचार केल्याखेरीज ‘हा खेळ चांगला आहे काय?’ या प्रश्नाला पुरते उत्तर मिळत नाही.

प्रथम कारागिरीचा विचार करू. फुटबॉल हा वरवर सोपा दिसणारा खेळ यंत्राच्या पडद्यावर उतरविणे अतिशय कठीण आहे. मैदानावर बावीस माणसे एकाच वेळी धावत असतात, आणि चेंडू ज्याच्या पायाशी आहे तो एक सोडला तर बाकीचे एकवीस जण चेंडूविनाच खेळत असतात. ते कुठे सरकतात, कोणाची जागा भरून काढतात, कोणाला मोकळे सोडतात यातच फुटबॉलचे मर्म असते. २०२१ सालच्या ‘फिफा २२’ या आवृत्तीसाठी कंपनीने बावीस व्यावसायिक खेळाडूंना हालचाल टिपणारे विशेष पोशाख चढवून प्रत्यक्ष सामना खेळविला आणि त्यांची धाव, वळण, धक्का, पडणे हे सारे यंत्रात साठविले. पुढील काम संगणकाने त्या नोंदींवरून शिकून केले. इतके करूनही पास देताना चेंडूला योग्य वजन आहे काय, धावणाऱ्याचा पाय जमिनीवर खरोखर टेकतो आहे काय, थकलेला खेळाडू थकल्यासारखा वागतो काय, या गोष्टी खेळणाऱ्याच्या बोटांना क्षणात कळतात. डोळ्यांना फसविता येते, बोटांना फसविणे कठीण.

कारागिरीचा आणखी एक पैलू आहे, तो म्हणजे विश्वास. खेळणाऱ्याला मनापासून वाटले पाहिजे, की मी जिंकलो तो माझ्या कौशल्याने आणि हरलो तो माझ्या चुकीने. ईए स्पोर्ट्सच्या खेळात हरणाऱ्याला मागून ढकलण्याची आणि जिंकणाऱ्याला मागे खेचण्याची छुपी योजना आहे, असा संशय खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे वावरत होता. २०२० च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात त्यासंबंधी दावाही दाखल झाला. कंपनीने आरोप साफ नाकारला आणि वादींना आपल्या अभियंत्यांशी बोलण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये तो दावा मागे घेण्यात आला. कंपनी या बाबतीत निर्दोष होती, हे मान्य करणे न्यायाचे आहे. परंतु असा संशय लाखो लोकांच्या मनात घर करू शकतो, यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्या खेळाचे नियम झाकलेल्या पेटीत असतात, त्याच्या निर्मात्यावर सचोटीचा भार मैदानावरच्या पंचापेक्षा अधिक असतो. कारण पंचाची चूक हजार डोळ्यांना दिसते, पेटीतली चूक कोणालाच दिसत नाही.

आता शीलाच्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी अलीकडच्या काळातील तीन प्रकरणे विचारात घेणे उपयोगी ठरेल.

पहिले प्रकरण जपानमधील कोनामी या कंपनीचे. ‘प्रो एव्होल्यूशन सॉकर’ या नावाने तिचा खेळ जगभर नावाजलेला होता. चेंडूच्या चालीबाबत तोच श्रेष्ठ, असे मानणारा मोठा वर्ग होता. २०२१ च्या जुलैत कंपनीने ते जुने नाव टाकून ‘ई-फुटबॉल’ हे नाव घेतले आणि यापुढे खेळ फुकट मिळेल असे जाहीर केले. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘ई-फुटबॉल २०२२’ प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशी जगभर त्याची थट्टा सुरू झाली. नामवंत खेळाडूंचे चेहरे ओळखू येऊ नयेत इतके वेडेवाकडे झाले होते. हातपाय भलत्याच दिशेला वळत होते. निवडायला अवघे नऊ संघ होते आणि खेळण्याचे प्रकार तर त्याहूनही थोडे. स्टीम या विक्रीस्थळावर खेळाडूंनी नोंदविलेल्या मतांत त्याची गणना सर्वांत खालच्या खेळांमध्ये झाली. दोन दिवसांत कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. नोव्हेंबरात येणारी पहिली पूर्ण आवृत्ती पुढे ढकलली गेली आणि ती यायला एप्रिल २०२२ उजाडला. पुढील काळात खेळ बराच सुधारला, त्याला असंख्य खेळाडूही लाभले. ही गोष्टही नमूद केली पाहिजे.

या प्रकरणात कंपनीची बाजू घेणारे दोन युक्तिवाद करतात. पहिला असा, की वस्तू फुकट होती. फुकटच्या गाईचे दात काय मोजायचे? दुसरा असा, की आजचा व्हिडिओ गेम म्हणजे एकदा शिवून दिलेला सदरा नव्हे. तो विकल्यानंतरही दुरुस्त करता येतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या उणिवांना इतके महत्त्व देऊ नये.

दोन्ही युक्तिवादांत तथ्याचा अंश आहे, पण ते पुरे पडत नाहीत. फुकट दिलेल्या वस्तूचीही किंमत घेणारा मोजत असतो. ती पैशाऐवजी वेळेच्या आणि विश्वासाच्या रूपाने मोजली जाते. शिवाय असे फुकट खेळ पुढे आतल्या आत होणाऱ्या खरेदीवर चालतात, म्हणजे फुकट असतो तो फक्त दरवाजा. दुसऱ्या युक्तिवादाचे उत्तर अधिक विचारपूर्वक द्यावे लागेल. दुरुस्तीची सोय ही निःसंशय चांगली गोष्ट आहे. परंतु सोय झाली म्हणजे सवय होते. पुढे दुरुस्त करता येईल ही खात्री असली, की आज नीट करण्याची निकड कमी होते. आणि जी चाचणी कारखान्यात पगारी माणसांनी करायची, ती गिऱ्हाइकाच्या घरी बिनपगारी होऊ लागते. सुताराने तीन पायांची खुर्ची दिली आणि ‘चौथा पाय एप्रिलात आणून बसवीन’ असे सांगितले, तर आपण त्याला काय म्हणू? चौथा पाय खरोखर एप्रिलात बसला, तरी मधले सहा महिने त्या खुर्चीला ‘खुर्ची’ म्हणून खपविले, हा दोष शिल्लक राहतोच.

सदोष वस्तू विकण्याचा हा प्रश्न अगदी जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर स्वतंत्र विवेचन केले आहे. विकणाऱ्याने वस्तूतील दोष घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे काय, असा प्रश्न ते उपस्थित करतात. त्यांचे उत्तर कठोर नाही, समतोल आहे. दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगणे बंधनकारक. परंतु दोष उघड दिसणारा असेल आणि त्या मानाने किंमत उतरविलेली असेल, तर विकणाऱ्याने तो मुद्दाम पुकारलाच पाहिजे असे नाही. यासाठी ते एकाक्ष घोड्याचे उदाहरण देतात : घोड्याला एकच डोळा आहे हे घेणाऱ्याला समोर दिसतेच आहे. असा घोडा कमी किमतीला विकण्यात अन्याय नाही. आजारी जनावर धडधाकट म्हणून विकण्यात मात्र आहे.

हा निकष आजच्या खेळांना लावून पाहावा. ईए स्पोर्ट्सने निन्टेंडो स्विच या यंत्रासाठी २०१९ ते २०२२ या काळात दरवर्षी जो फुटबॉलचा खेळ काढला, त्यात खेळण्याच्या दृष्टीने नवे जवळजवळ काही नव्हते. संघातील खेळाडूंची नावे आणि पोशाख तेवढे बदललेले असत. कंपनीने त्याला ‘लेगसी एडिशन’, म्हणजे वारशाने आलेली आवृत्ती, असे नाव दिले होते. समीक्षकांनी त्यावर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती. तरीही वेष्टनावर तसे लिहिले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. हा एकाक्ष घोडा होता. प्रश्न एवढाच उरतो, की तो डोळा सगळ्यांनाच दिसत होता काय? जाणत्या खेळाडूला ‘लेगसी’ या शब्दाचा अर्थ कळला असेल. नातवाच्या वाढदिवसासाठी दुकानात गेलेल्या आजीला तो कळला असेल, असे आम्हांला वाटत नाही. दोष छापणे आणि दोष सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याला समजेल अशा शब्दांत सांगितले, तरच सांगितले असे म्हणता येते.

दुसरे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. लंडनमधील स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही संस्था ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा खेळ काढते. यात खेळणारा चेंडू मारीत नाही. तो संघाचा व्यवस्थापक होतो, खेळाडू विकत घेतो, डावपेच आखतो, नवख्यांना घडवितो. या मालिकेचे मूळ १९९२ सालापर्यंत जाते. ‘फुटबॉल मॅनेजर २०२५’ ही आवृत्ती संपूर्णपणे नव्या तांत्रिक पायावर उभी करावयाची होती. २०२४ च्या नोव्हेंबरात ती येणार होती. मग मार्च २०२५ हा वायदा झाला. आणि ६ फेब्रुवारी २०२५ रोजी संस्थेने जाहीर केले, की खेळ आम्हांला हव्या त्या दर्जाचा झालेला नाही, म्हणून ही आवृत्ती आम्ही रद्द करीत आहोत. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना ते परत करण्यात आले. वर्षाचा हंगाम बुडाला.

हा निर्णय सोपा नव्हता. खेळ काढला असता, तर मालिकेच्या नावावर तो खपलाच असता. चाहत्यांनी चडफडत का होईना, घेतलाच असता. दुरुस्त्या मागाहून देता आल्या असत्या. परंतु जे आपल्याला स्वतःला पटत नाही, ते दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही, ही मर्यादा तेथे पाळली गेली. निर्णय उशिरा झाला, गिऱ्हाइकांना महिनोन्महिने ताटकळत ठेवले, अशी टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. तरीही ‘अजून झालेले नाही’ हे चार लोकांत म्हणण्याला धैर्य लागते, हे कोणत्याही कारागिराला विचारावे.

या कथेचा पुढचा भाग आमच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘फुटबॉल मॅनेजर २६’ प्रसिद्ध झाला. त्यात प्रथमच महिलांचे फुटबॉल समाविष्ट झाले, हे एक मोठे पाऊल. परंतु एका वर्षाची जास्तीची मुदत मिळूनही खेळाडूंच्या तक्रारींचा पाऊस पडला : पडद्यावरील मांडणी गोंधळाची, नेहमीच्या गोष्टी सापडत नाहीत, चुका पुष्कळ. म्हणजे फेब्रुवारीतील प्रामाणिकपणाला नोव्हेंबरात यशाचे बक्षीस मिळाले नाही. कोणी म्हणेल, मग त्या प्रामाणिकपणाचा उपयोग काय झाला? आम्ही म्हणू, सत्कृत्याचे मोल त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या फळावरून ठरवावयाचे नसते. अपुरे काम न विकणे हे त्या दिवशी योग्य होते, आणि नंतरचे काम उणे निघाले म्हणून ते अयोग्य ठरत नाही. मात्र त्याचबरोबर हेही खरे, की एकदा दाखविलेला प्रामाणिकपणा पुढच्या वेळची सूट नसतो. सचोटी साठवून ठेवता येत नाही; ती प्रत्येक कामात नव्याने ओतावी लागते.

तिसरे प्रकरण सर्वांत अवघड आहे, कारण त्यातील कारागिरीत खोट काढणे कठीण. ईए स्पोर्ट्सच्या खेळात ‘अल्टिमेट टीम’ नावाचा एक विभाग आहे. २००९ साली तो प्रथम आला. त्यात खेळणारा आपला स्वप्नातला संघ उभा करतो. खेळाडू मिळतात ते बंद पाकिटांतून. पाकिटे खेळून मिळविता येतात किंवा खऱ्या पैशांनी घेतलेल्या गुणांच्या मोबदल्यात विकत घेता येतात. पाकिटात कोण निघेल हे नशिबावर. सर्वांत नामांकित खेळाडू निघण्याची शक्यता बहुतेक पाकिटांत शंभरात एकाहूनही कमी असते. २०१८ च्या ‘फिफा १९’ पासून कंपनी या शक्यता जाहीर करू लागली. आणि पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली, की जुना संघ जुन्या खेळातच राहतो; नव्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा जुगार आहे काय? बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरविले आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने त्या देशात गुणांची विक्री थांबविली. नेदरलँड्समध्ये कंपनीला एक कोटी युरोंचा दंड झाला. २०२० च्या ऑक्टोबरात न्यायालयाने तो उचलून धरला, पण मार्च २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. पाकिटे हा स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचा एक भाग आहे, असे त्या न्यायपीठाचे मत पडले. ब्रिटिश सरकारने २०२२ च्या जुलैत कायदा न बदलता उद्योगानेच मुलांचे रक्षण करावे असे सांगितले. तीन शेजारी देश, तीन उत्तरे. यावरून कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. कायदा व्याख्येवर चालतो. नीतीला मात्र व्याख्येची वाट पाहत बसता येत नाही. ‘हा जुगार आहे काय?’ याऐवजी ‘हा व्यवहार समोरच्याच्या कोणत्या दुबळेपणावर उभा आहे?’ असे विचारले, तर उत्तर लवकर सापडते.

आपल्याच पिढीतील वाचक येथे म्हणतील, की आम्हीही लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची चित्रे जमविली. त्यात काय वाईट झाले? तुलना अगदीच चुकीची नाही. पण फरक लक्षात घ्यावा. चित्राचे पाकीट घ्यायला दुकानापर्यंत चालत जावे लागे, आणि खिशातली नाणी संपली की खरेदी संपे. मिळालेले चित्र आपले असे. नको असल्यास मित्राच्या चित्राशी बदलता येई आणि वर्ष उलटले म्हणून ते निरुपयोगी होत नसे. मुख्य म्हणजे चित्रे गोळा करणाऱ्याला गल्लीतल्या सामन्यात एक धाव जास्त मिळत नव्हती. येथे मात्र पाकिटातून निघालेला खेळाडू थेट मैदानात उतरतो आणि ज्याने पैसे खर्च केले नाहीत त्याला हरवितो.

नेमका येथेच खेळाच्या मुळाला धक्का लागतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ या १९७८ सालच्या ग्रंथात खेळाचे जे स्वरूप मांडले आहे, त्याचा आशय असा, की खेळ म्हणजे माणसाने आपखुशीने स्वीकारलेले अनावश्यक अडथळे. चेंडू जाळ्यात टाकावयाचा तर हाताने टाकणे सोपे. पण आपण हात वापरायचा नाही असे ठरवितो, आणि त्या ठरावातूनच फुटबॉल जन्माला येतो. अडथळा काढला की खेळ संपतो. मग पैसे देऊन अडथळा कमी करून घेणे म्हणजे काय? फी भरून हाताने चेंडू उचलण्याची परवानगी मिळविण्यासारखेच ते झाले. असा खेळ दिसायला कितीही सुंदर असो, त्याने आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतलेली असते. म्हणून आम्ही म्हणतो, की शीलाचा दोष शेवटी कारागिरीचाही दोष ठरतो. ‘खेळ उत्तम, फक्त पाकिटे वाईट’ असे म्हणून दोन्हींची फारकत करता येत नाही.

कंपनीने काहीच केले नाही असेही नाही. २०२१ मध्ये पाकिटात काय आहे ते विकत घेण्यापूर्वी पाहता येईल अशी काही पाकिटे तिने आणली. वेळेवर आणि खर्चावर मर्यादा घालण्याची साधनेही दिली. जे केले त्याचे श्रेय द्यावे. पण बंद पाकिटे आजही आहेत, आणि ती घेणाऱ्यांत अशी मुले आहेत ज्यांना ‘शंभरात एकाहून कमी’ या शब्दांचा अर्थ गणिताच्या वहीत कळतो, पण रात्री अकरा वाजता पडद्यासमोर कळत नाही.

येथवर विकणाऱ्यांची झाडाझडती झाली. आता घेणाऱ्यांविषयी, म्हणजे आपल्याविषयी, दोन शब्द. खेळ दरवर्षी ठरलेल्या महिन्यात आलाच पाहिजे, हा आग्रह कोणाचा? तयार होण्याआधीच, कोणी खेळून पाहण्याआधीच पैसे भरणारे कोण? नावाला भुलून आगाऊ खरेदी करणारा मनुष्य विक्रेत्याला एकच गोष्ट शिकवितो, की जाहिरात चांगली असली म्हणजे पुरे. या आग्रहाची झळ तिसऱ्याच कोणाला तरी लागते, हेही आपण जाणले पाहिजे. २००४ मध्ये ईए कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्र प्रसिद्ध करून, मुदत गाठण्यासाठी माणसांना आठवडेच्या आठवडे, सुटीविना, जादा मोबदल्याविना कसे राबविले जाते, हे जगापुढे मांडले. त्यानंतर झालेल्या दाव्यांत कंपनीने मोठी रक्कम देऊन तडजोड केली. ते पत्र फुटबॉलच्या खेळाविषयी नव्हते. परंतु ठरल्या तारखेची सक्ती या साऱ्या धंद्यालाच लागू आहे. पडद्यावर वेडावाकडा चेहरा दिसला की आपण हसतो. त्या चेहऱ्यामागे बहुधा आळशी कारागीर नसतो. ‘आणखी दोन महिने द्या’ म्हणणारा आणि ते न मिळालेला कारागीर असतो.

हे सारे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये, की हे खेळ घरात आणूच नयेत असे आमचे मत आहे. चांगल्या खेळाने दिलेला आनंद हा खरा आनंद आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्याला मैदानावर धावता येत नाही, तो मुलगा पडद्यावर भावंडांच्या बरोबरीने फुटबॉल खेळतो, हे काही थोडे नव्हे. २०१५ सालच्या आवृत्तीत महिलांचे राष्ट्रीय संघ प्रथम आले आणि मुलींना या खेळात आपल्यासारखे कोणी दिसू लागले. २०२१ मध्ये इंडियन सुपर लीग त्यात समाविष्ट झाली, तेव्हा एफसी गोवा आणि मुंबई सिटी हे आपल्याकडचे संघ युरोपच्या बलाढ्य संघांच्या पंगतीला बसले. फातोर्ड्याच्या मैदानावर ज्यांना पाहिले, त्यांचीच नावे पडद्यावर वाचताना मडगावच्या मुलाला जो अभिमान वाटतो, त्याला नावे ठेवणारे आम्ही नव्हेत.

पण आनंद खरा आहे, म्हणूनच त्याचा व्यवहारही खरा असावा. नवा खेळ घरात येण्यापूर्वी मुलांसमवेत बसून तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. पहिला : नावाने जे वचन दिले आहे ते यात आहे काय, आणि नसेल तर विकणाऱ्याने ते समजेल अशा शब्दांत सांगितले आहे काय? दुसरा : तो पुरा झाला आहे काय, की उरलेले काम आपल्याच घरी व्हावयाचे आहे? तिसरा : खेळ संपवून उठावेसे वाटले, तर तो उठू देतो काय, की उठणाऱ्याच्या हाताला धरून पुन्हा खिशात हात घालायला लावतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बाजारात थोडा धीर धरला तर आपोआप मिळतात. प्रसिद्धीनंतर महिनाभर थांबणे एवढेच त्यासाठी पुरे. तिसऱ्याचे उत्तर मात्र आईवडिलांना मुलाच्या शेजारी बसून, एखादा सामना स्वतः खेळून, आणि बहुधा पाच-सहा गोलांनी हरूनच मिळवावे लागेल.

त्या हरण्यातही लाभ आहे. मुलाला मग कळते, की वडिलांचा विरोध खेळाला नाही. आणि वडिलांना कळते, की ‘नवा आहे’ म्हणताना मुलाला जे हवे होते, त्यातला बराचसा भाग म्हणजे शेजारी बसून खेळणारे कोणीतरी. तो भाग कोणत्याही पाकिटात मिळत नाही, आणि गेल्या वर्षीच्या खेळावरही भागतो.